मागच्या इंजिनांचे मामा

जगात चित्रं काढणारे पुष्कळ आहेत आणि बघणारे त्याहून पुष्कळ. पण चित्राला काय म्हणायचं आहे हे खुद्द चित्रापेक्षा जास्त ठामपणे सांगू शकेल असा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच आहे, आणि तो नेमका मामेसासरा म्हणून माझ्या वाट्याला आला आहे. मी शाळेत ड्रॉइंगचा मास्तर. हत्तीला सोंड कुठून फुटते आणि डोंगर त्रिकोणी का नसतात, हे पोरांना शिकवता शिकवता माझे केस पिकले. तरीही लोणावळ्याच्या बाजारात मला 'मास्तर' म्हणून ओळखणारी दहा माणसं असली, तर 'भिंतीवाल्या मामांचे जावई' म्हणून ओळखणारी शंभर निघतील. मामांची स्वतःची ओळख करून देण्याची पद्धतही ठरलेली. माझ्या खांद्यावर हात ठेवून ते समोरच्या अनोळखी माणसाला सांगतात, "हे आमचे जावईबापू. ड्रॉइंगचे मास्तर हायेत. चित्रातलं सगळं कळतं त्यास्नी." आणि मी तोंड उघडायच्या आत पुढे म्हणतात, "पर आता मी सांगतो ते ऐका."

दोन-तीन वर्षांपूर्वी गावातल्या काही हौशी मंडळींनी एकत्र येऊन भिंती रंगवायचं मनावर घेतलं. तोवर आमच्या भिंतींवर मूळव्याधीची औषधं, इंग्रजी बोलायचे वर्ग आणि 'येथे कचरा टाकू नये' एवढंच वाङ्मय होतं, आणि शेवटच्या ओळीखाली न चुकता कचरा असे. मग पुण्या-मुंबईची तरुण मुलं-मुली शिड्या घेऊन आली आणि स्टेशनापासून बाजारापर्यंत एकेक भिंत रंगत गेली. मामा रेल्वेतून निवृत्त होऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. मूळचे कान्हे गावचे, पण नोकरीमुळे लोणावळ्यातच घर केलेलं. रोज सकाळी स्टेशनाच्या पुलावर जाऊन कोणती गाडी किती उशिरा आली याची मनातल्या मनात नोंद घ्यायची आणि घरी येऊन मामींना ती सांगायची, मामींनी ती ऐकायची नाही, असं त्यांचं सुरळीत चाललेलं होतं. भिंती रंगल्या आणि मामांनी पूल सोडला.

पांढरा लेंगा, वर रेल्वेच्या काळातला खाकी शर्ट आणि हातात लांब दांड्याची काळी छत्री. ही छत्री पावसाळ्याचे चार महिने डोक्यावर असते आणि उरलेले आठ महिने भिंतीवर. तिच्या टोकाने मामा चित्र दाखवतात. सुट्टीच्या दिवशी पर्यटक चिक्कीच्या पिशव्या सावरत फोटो काढायला थांबले, की छत्रीचं टोक त्यांच्या कानाजवळून भिंतीकडे जातं आणि व्याख्यान सुरू होतं. हिंदी बोलणारा असला तर मामा त्याच मावळी बोलीत शेवटी 'है' लावून सांगतात. एक गुजराथी कुटुंब अर्धा तास माना डोलवत उभं होतं. त्यांना काय कळलं कोण जाणे, पण जाताना त्यांच्या आजोबांनी मामांना वाकून नमस्कार केला.

मामांचा कलेविषयीचा सिद्धान्त एकच आहे, आणि तो त्यांनी घाटात कमावलेला आहे. कुठलीही वस्तू थांबवायची सोय असल्याशिवाय चालू करू नये. या कसोटीवर ते प्रत्येक चित्र घासून बघतात. बाजारात एका भिंतीवर दोन मोठे पंख काढलेले आहेत. मध्ये उभं राहून पोरी फोटो काढतात, म्हणजे त्या उडाल्यासारख्या दिसतात. मामांनी पहिल्याच दिवशी ते पंख नापास केले. "पंख झकास हायेत. पर शेपूट कुटंय? घारीला शेपूट कशासाठी दिलीया देवानं? वळायला आन थांबायला. ह्या पोरी उडत्याल, पर उतरत्याल कशा?" ही शंका त्यांनी एका नवविवाहितेला तिच्या नवऱ्यासमक्ष विचारली. नवरा बिचारा हसला. ती मात्र गंभीर झाली आणि पंखांपासून जरा लांब सरकली. दुसऱ्या एका भिंतीवर पृथ्वीच्या गोळ्याला नळ बसवला आहे आणि त्यातून शेवटचा थेंब गळतोय. पाणी जपून वापरा, हे शेंबड्या पोरालाही कळावं. मामा मात्र म्हणाले, "नळाचा वायसर गेलाय."

आता कुणाला वाटेल, हा माणूस नुसता खोड्या काढत हिंडतो. तसं नाही. आपली चूक कळली तर ती मान्य करण्यातही मामांचा उत्साह तेवढाच दांडगा. एका भिंतीवर लोहगड काढला आहे, त्याच्या विंचूकाट्यासकट. किल्ल्याची ती लांब सोंड चित्रकाराने उलट्या बाजूला काढली, असं मामांचं म्हणणं पडलं. महिनाभर ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ही चूक दाखवत होते. शेवटी त्यांनी पुराव्याला लोहगडवाडीहून एका चहावाल्याला पाचारण केलं. तो दुपारच्या गाडीने आला, भिंतीपुढे उभा राहिला आणि शांतपणे म्हणाला, "मामा, आमच्या हितनं तर असाच दिसतो." मामा चपापले. आयुष्यभर त्यांनी लोहगड बघितला होता तो रुळावरून. किल्ल्याच्या पलीकडे लोक राहतात आणि त्यांनाही तो दिसतो, हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. मग त्यांनी चहावाल्याला मिठी मारली, वडापाव खाऊ घातला, आणि दुसऱ्या दिवसापासून लोहगडाचं व्याख्यान दुप्पट लांब झालं, कारण आता त्यात दोन्ही बाजू आल्या.

भाजी मंडईच्या कोपऱ्यावर एका म्हातारीचा चेहरा आहे, दुमजली घराएवढा. ओठांत हसू, गालावर सुरकुत्या, नाकात नथ. ही म्हातारी कुणाची यावरून गावात दोन तट पडले. रताळी विकणारी बाई म्हणे, ही माझी सासू. गॅरेजवाला म्हणे, आंबी गावची माझी आजी हीच. दोघांनीही आपापल्या घरातल्या तसबिरी भिंतींवरून उतरवून आणल्या आणि प्रकरण चांगलंच पेटलं. निवाड्याला अर्थात मामा. त्यांनी छत्री काखेत मारली, डोळे बारीक केले आणि पंधरा मिनिटं ते म्हातारीच्या कानाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ही तुमची बी न्हाई आन तुमची बी न्हाई. कानात बुगडी हाय, पर भोक बघा. टाचणी टोचल्यावानी हाय. जन्मभर बुगडी घातलेल्या बाईचं भोक वघळतं. ही बाई फोटोपुरती बुगडी घालून बसलीया." सगळे गार झाले. माझ्यासारख्या ड्रॉइंग मास्तराच्याही हे लक्षात आलं नव्हतं. पण रताळीवालीचा उतरलेला चेहरा बघून मामा विरघळले. "पर कुणाची तरी असलंच की गं," ते म्हणाले. "तुला सासू वाटती ना? मग जाता-येता हात जोड. त्यात कुणाचं काय जातंय?" तेव्हापासून ती बाई रोज सकाळी पाटी खाली ठेवायच्या आधी भिंतीला हात जोडते, आणि गॅरेजवालाही जोडतो, फक्त तिची पाठ वळलेली असताना.

असे हे मामा. कुठल्याही चित्रापुढे त्यांची जीभ अडल्याचं मी पाहिलं नव्हतं. ते पाहायचा योग आला तो वखारीच्या भिंतीमुळे.

स्टेशनाकडून बाजारात येताना डाव्या हाताला लाकडाची जुनी वखार आहे. तिची भिंत लांबच लांब, आणि जिथे ती संपते तिथे एक गल्ली आत वळते. गल्लीच्या तोंडाशी, वखारीला चिकटूनच, छत्र्या-रेनकोटांचं दुकान आहे. दुकानदार चाचा म्हणजे तिथे छत्र्या विकणारी तिसरी पिढी. वखारीच्या या भिंतीवर घाट काढायला पुण्याहून केतकी नावाची मुलगी आली. पंचविशीची, कानात लाकडी डूल, पँटीवर बारा रंगांचे डाग. पहिल्याच दिवशी मामा घरून स्टूल घेऊन तिथे जाऊन बसले. मी धास्तावलो. म्हटलं, पोरगी दुपारपर्यंत शिडी गुंडाळून पळणार. पण आश्चर्य असं, की मामा बोलेचनात. आठ दिवस ते नुसते बघत होते. बोगदा झाला, धबधबे झाले, दरीतलं धुकं झालं. मध्येच ती विचारी, "काका, तारेच्या खांबाला वर नक्की काय असतं?" की मामा तेवढंच सांगत आणि पुन्हा गप्प. दुपारी मामींनी दिलेला डबा ते तिच्यापुढे सरकवत. सहाव्या दिवशी बोगद्यातून इंजिन बाहेर आलं, आणि मग त्याच्यामागून एकेक डबा वळण घेत भिंतीच्या टोकाकडे निघाला. गाडी अशी जिवंत उतरली होती, की बघताना मलाही वाटलं, आपण पोरांना उगीच घागरी आणि फुलदाण्या काढायला लावतो.

आठव्या दिवशी शेवटचा डबा भिंतीच्या कडेला टेकला. केतकी खाली उतरली, ब्रश धुवायला लागली. मामा स्टुलावरून उठले, टोकापर्यंत चालत गेले, कोपऱ्यावरून गल्लीत डोकावून आले आणि म्हणाले, "आन मागं?"

"मागे काय, काका?"

"मागची इंजिनं."

तिला कळेना. मग मामांनी समजावलं. कर्जतहून वर यायचं तर घाटाचा चढ पुढच्या एकट्या इंजिनाला पेलत नाही. गाडीच्या ढुंगणाला आणखी इंजिनं लावतात, दोन नाहीतर तीन. पुढचं ओढतं आणि ही मागून रेटतात, तेव्हा कुठे गाडी खंडाळा गाठते. "हे तुमी काढलंय, लय भारी काढलंय," मामा म्हणाले, "पर ही गाडी घाट चढायची न्हाई. माघारी येईल."

केतकीने जीभ चावली. पण तिला संध्याकाळच्या गाडीने परतायचं होतं, रंगाचे डबे रिकामे झाले होते, आणि मुख्य अडचण समोरच होती. ती म्हणाली, "काका, खरंच माहीत नव्हतं मला. पण आता बघा ना, भिंतच संपली."

"भित संपली म्हणून घाट संपत न्हाई, बाळ," मामा म्हणाले. रागाने नव्हे. स्टूल उचलून ते घरी गेले.

त्यानंतर मामा बिनसले. बाकीच्या भिंतींपुढचा त्यांचा उत्साह निम्म्यावर आला, आणि वखारीच्या भिंतीवरून जाताना तर ते मान वळवून पलीकडच्या चपलांच्या दुकानाकडे बघत जात. लोक मात्र नेमके त्याच चित्रापुढे गर्दी करत. कुणी विचारलंच, तर मामा तुटकपणे म्हणत, "अपुरं हाय ते." मग एके दिवशी चाचांच्या दुकानाच्या गल्लीकडच्या भिंतीवर, म्हणजे केतकीची भिंत जिथे संपत होती तिथून कोपरा वळल्यावर, खडूने काढलेली एक आकृती दिसू लागली. ती ट्रंक असावी असं चाचांना वाटलं. गल्लीतल्या पोरांच्या मते तो टीव्ही होता. चाचा ती ओल्या फडक्याने पुसत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रंक पुन्हा हजर. असा आठवडा गेला. शेवटी चाचांनी मला गाठलं. "मास्तर, तुमच्या मामांना काही बोलायची माझी हिंमत नाही. वडिलांसारखे आहेत. पण ते माझ्या भिंतीवर रोज सकाळी पेटी का काढून जातात, एवढं फक्त विचारा."

मी मामांना गाठलं ते त्या भिंतीपाशीच, हातात खडू. म्हटलं, "मामा, द्या इकडे, मी काढतो इंजिन. माझं कामच आहे ते." मामांनी खडू खिशात टाकला. "तुमी नका काढू, जावईबापू. तुमी काढलं तर चांगलं दिसंल. खरं न्हाई दिसायचं." मला जरा लागलंच. पण मग ते चाचांच्या दुकानाच्या पायरीवर बसले, मलाही शेजारी बसवून घेतलं, आणि लग्न होऊन तीस वर्षं झाल्यावर आपले मामेसासरे नोकरीत नेमकं काय करत होते, ते मला पहिल्यांदा कळलं. आम्हाला एवढंच ठाऊक होतं, की मामा 'गाडीवर' होते. शोभाने, म्हणजे माझ्या बायकोने, लग्नात सगळ्यांना त्यांची ओळख 'आमचे डायवर मामा' अशीच करून दिली होती. मामा होते मागच्या इंजिनावर. खालून गाडीला लागायचं, रेटत वर आणायचं, लोणावळ्याला सुटायचं, पुन्हा खाली जायचं आणि पुढच्या गाडीला लागायचं. सगळी नोकरी त्या घाटात.

"पुढं बसनाऱ्याला बोगदा दिसतो, दरी दिसती, सिग्नल दिसतो," मामा सांगत होते. "माज्या म्होरं काय? डब्याची पाठ. पत्रा. हातभरावर. अख्खा घाट मी पत्रा बघत चढलो. मग त्यात बघायची सवय लागली. कुटं रंग उडालेला असायचा, कुटं गंज चढलेला. एकदा गंजाचा डाग, देवाशपथ सांगतो, हुबेहूब आमच्या आबांचा बैल. वशिंडासकट. पार वरपर्यंत त्याच्याकडंच बघत आलतो. लोणावळ्याला आमाला सोडवलं, डबा निघाला पुण्याला, तर जीव हळहळला बघा. आता ह्यो बैल परत दिसायचा न्हाई. आतल्या मानसास्नी म्हाईत बी न्हाई मागं कोन हाय. त्येंनी कशाला बघावं? चिक्कीवाल्याला हाका मारायच्या का मागं बघायचं?" ते हसले. हसताना त्यांच्या हाताला लागलेला खडू त्यांनी लेंग्याला पुसला.

मी विचारलं, "मामींना सांगितलं नाही कधी हे?"

"काय सांगायचं? डब्याची पाठ?"

मला त्या दिवशी शाळेत शिकवणं सुचलं नाही. भिंतीपुढे उभं राहून बडबडणारा म्हातारा म्हणून ज्यांची मी चारचौघांत मजा केली, त्या माणसाने आयुष्यभर एका पत्र्यासमोर बसून हजारो माणसं वर आणून सोडली होती, आणि त्याची हौस काय, तर गाडी खरी दिसावी. स्वतःचं नाव नको, फोटो नको. मला माझीच लाज वाटली. मी केतकीला फोन केला आणि सगळं सांगितलं. ती ऐकत होती, शेवटी एवढंच म्हणाली, "सर, बाजूची भिंत कुणाची आहे?"

चाचांकडे शब्द टाकायला मी एकटाच गेलो. त्यांनी गल्ल्यावर बसूनच ऐकून घेतलं. मग उठले, बाहेर आले, आपल्या भिंतीकडे आणि तिच्यावरच्या पुसट ट्रंकेकडे बघितलं. "चाळीस वर्षं मी मुंबईहून माल आणतो, मास्तर. शंभर वेळा घाट चढलो असेन. मला वाटायचं गाडी आपली आपण चढते." मग धंदेवाईक माणसाला शोभेल असा विचार करून म्हणाले, "काढा. फक्त वर दुकानाचं नाव तेवढं राहू द्या. इंजिनाला छत्री लागत नाही, पण बघणाऱ्याला लागते."

केतकी रविवारी आली. या खेपेला मामा गप्प बसले नाहीत. बफर किती उंच, चाकं किती, पायरी कुठे, खिडकीचा पत्रा कुठल्या बाजूला सरकतो, सगळं सगळं त्यांनी तिच्याकडून दोन-दोनदा पुसून पुन्हा काढून घेतलं. मी आपला डबे धुवायला. चाचांच्या भिंतीवर एकामागे एक तीन इंजिनं उभी राहिली, पहिल्याची चाकं तर खऱ्याएवढी. शेवटी केतकी म्हणाली, "काका, खिडकीत तुमचा चेहरा काढते." मी म्हटलं, वा, हे छान झालं. मामांनी मात्र साफ नकार दिला. "नको. खालनं बघनाऱ्याला आतला मानूस दिसत न्हाई. काढलास तर खोटं व्हईल." मग त्या खिडकीत तिने नुसता काळोख भरला.

पण भिंतीला कोपरा होता, त्याला कोण काय करणार? बाजारातून येणाऱ्याला नुसती गाडी दिसे, आणि गल्लीतून येणाऱ्याला नुसती इंजिनं. ती इंजिनं गाडीवाचून काय करताहेत, याचे गावाने नाना अर्थ लावले. कॉलेजची पोरं म्हणत, भिंतीला धडक द्यायची शर्यत आहे. एका बाईंनी त्यात राष्ट्रीय एकात्मता पाहिली. मामांनी यावर तोडगा काढला. विजेच्या डब्याशेजारी, गटारावरच्या फरशीवर एका विशिष्ट जागी उभं राहून मान थोडी तिरकी केली, की एका डोळ्याला गाडी आणि दुसऱ्याला इंजिनं दिसतात. त्या एका फरशीवर मामा दिसेल त्याला बाही धरून उभं करत. पोस्टमन, दूधवाला, फिरायला आलेलं परदेशी जोडपं, कुणाची सुटका नव्हती. चाचा म्हणाले, हल्ली छत्री घ्यायला येणारं गिऱ्हाईकही आधी फरशीवर उभं राहून मग आत येतं.

फक्त एक माणूस त्या फरशीवर उभं राहिलं नाही. मामींना मामांनी चार वेळा सांगून पाहिलं. त्यांचं उत्तर तयार. "भिती बघायला बाजारात कशाला येऊ? घरात चार हायेत, त्याच झाडून व्हईनात." त्यांचे गुडघे दुखतात हे खरं, पण त्याहून खरं म्हणजे, मामांच्या भिंतींचा त्यांना वीट आलेला होता. मामांनी पाचव्यांदा विचारलं नाही. ते मनाला लावून घेतात, पण घरच्या माणसापुढे छत्रीचं टोक करत नाहीत.

या वर्षी हौशी मंडळींनी नवा विषय ठरवला. यात कुणाचा दोष नाही. भिंती थोड्या, चित्रकार पुष्कळ, आणि आमच्याकडच्या दमट हवेत रंग टिकतो तरी किती? वखारीच्या भिंतीला शेवाळ धरलंच होतं. एके दिवशी सकाळी शाळेत जाताना बघतो, तर बोगदा नाही, धबधबे नाहीत, गाडी नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरा चुना. चाचांची भिंत खाजगी, म्हणून तिला कुणी हात लावला नव्हता. कोपऱ्याच्या त्या बाजूला तीन इंजिनं जीव खाऊन रेटत होती, आणि पुढे काही नव्हतं.

मामांना आधी कुणीतरी सांगायला हवं, म्हणून मी शाळेत निरोप धाडला आणि त्यांच्या घराकडे वळणार, तोच गल्लीत दोघे दिसले. मामा आणि मामी. मामींच्या छत्रीची काडी मोडली होती आणि चाचांशिवाय दुसऱ्या कुणाकडे ती दुरुस्त करून घ्यायची त्यांची तयारी नव्हती. चाचा आत काडी बसवत होते. आणि मामी, पदर खांद्यावर घेऊन, त्या इंजिनांपुढे उभ्या होत्या.

"हेच का वो ते?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"आन गाडी कुटंय?"

मामांनी कोपऱ्यावरून पांढऱ्या भिंतीकडे एकदा पाहिलं असणार, कारण त्यांच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं. साध्या आवाजात ते म्हणाले, "गेली म्होरं. लोणावळा आलं की आमाला सोडवत्यात. गाडी जाती पुण्याला."

मामींनी मान हलवली, जसं काही हे विचारायचीही गरज नव्हती. गुडघा धरत त्या दोन पावलं पुढे गेल्या आणि त्यांनी पहिल्या इंजिनाच्या चाकावर हात ठेवला. चाक त्यांच्या छातीपर्यंत येत होतं. त्यांनी वर पाहिलं, खिडकीतल्या काळोखाकडे, बराच वेळ.

"येवडं मोठं असायचं व्हय?" त्या म्हणाल्या. "आन तुमी घरी यायचा, पाय धुवायचा. मी इचारायची, आज काय झालं? तर म्हणायचा, काय न्हाई, रोजचंच."

मामांनी तोंड उघडलं. छत्रीचं टोकही सवयीने वर आलं. मी वाट बघत राहिलो. या माणसाकडे पंखांसाठी तासभर होता, म्हातारीच्या कानासाठी पाव तास होता. पण त्यांनी छत्री खाली केली आणि ते नुसतेच मामींच्या शेजारी जाऊन उभे राहिले. आतून चाचांनी हाक मारली, काडी बसली म्हणून. मामींनी ऐकलं, पण चाकावरचा हात काही काढला नाही.